सातव्या मजल्यावरची आत्ती

त्या खेळाला नाव नव्हतं. म्हणजे असणारच, पण ते कॅसेटवर चिनी का जपानी अक्षरांत छापलेलं होतं आणि कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळीत ते वाचणारं कुणी नव्हतं. आम्ही त्याला मनोरा म्हणायचो. एक बुटका माणूस, खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात हत्यार म्हणून काही नाही. त्यानं आठ मजल्यांचा मनोरा चढायचा आणि वरची घंटा वाजवायची, एवढाच खेळ. पण वाटेत वटवाघळं होती, साखळीला टांगलेले लोखंडी गोळे होते, पाय ठेवला की दोन क्षणांत कोसळणाऱ्या फळ्या होत्या, आणि यातल्या कशाचा नुसता स्पर्श झाला तरी बुटका ‘टुईं’ असा केविलवाणा आवाज काढून खाली पडायचा. असे तीन जीव मिळायचे. तिसरा गेला की पुन्हा पहिल्या मजल्यावरून सुरुवात. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर मेलात की सहाव्या, त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आमच्या ओळीतल्या पोरांनी पंधरा दिवसांत त्याचा नाद सोडला. चौथ्या मजल्याच्या वर कुणी गेलंच नाही. पोरं म्हणायची, गेमच खराब आहे, कंपनीनं चुकून बनवलाय.

तो आमच्या घरी आला तो कांद्याच्या बारदानातून. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, वाशीच्या मार्केटात माथाडी होते. पहाटे जायचे, दुपारी दोनच्या सुमारास परत यायचे, आणि ते दारात येण्याआधी त्यांचा वास यायचा: कांदा, ज्यूट आणि घाम. उजव्या खांद्यावर पोती वाहून वाहून लिंबाएवढा घट्टा आला होता. त्यांच्या गाळ्यावरच्या शेठच्या मुलाला नवा व्हिडिओ गेम आला, तेव्हा जुना त्यानं दादांना देऊन टाकला. चांगल्या कॅसेटी स्वतःकडे ठेवल्या आणि जी कुणालाच नको होती ती एक सोबत दिली. दादांनी तो डबा बारदानात गुंडाळून आणला आणि माझ्या धाकट्या भावाच्या, संजूच्या, पुढ्यात ठेवला. पुढे कित्येक महिने त्या डब्याला आणि त्याच्या दोन्ही रिमोटांना कांद्याचा वास येत होता. मी नववीत होते. मला कुणी विचारलं नाही तुला खेळायचंय का म्हणून. मुलींनी खेळायचं नाही असंही कुणी म्हटलं नाही. तो प्रश्नच कुणाच्या मनात आला नव्हता, माझ्याही नाही.

घर म्हणजे पुढची एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्यातच मोरी, आणि वर सामानाचा माळा. पुढच्या खोलीत कडाप्प्याच्या फळीवर काळापांढरा टीव्ही. त्या घरात आम्ही चौघं होतो आणि पाचवी शालनआत्ती.

आत्ती म्हणजे दादांची धाकटी बहीण. साताऱ्याकडे आत्याला आत्तीच म्हणतात, आणि मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला त्या नावानं हाक मारली नाही. तिचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. त्यातली शेवटची अडीच ती आमच्याकडे होती. नवऱ्यानं एकदा ‘चार दिवस माहेरी जाऊन ये’ म्हणून एस्टीत बसवून दिलं, आणि मग न्यायला कुणी आलंच नाही. मूल नव्हतं. वर्षभरात कळलं की नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली. आमच्या घरात याबद्दल मोठ्यानं कुणी बोलत नसे, पण आई भाजी निवडताना शेजारणीशी जे हळू बोलायची त्यात ‘नशीब’ आणि ‘तिचं बी कायतरी असंलच की’ हे दोन शब्दप्रयोग हमखास यायचे. आत्ती ते ऐकत असे. घर एवढं लहान होतं की न ऐकण्याची सोयच नव्हती.

ती पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये कामाला जायची. छोटे ट्रान्सफॉर्मर बनवायचा कारखाना होता तो. तिथं वीस-पंचवीस बायका ओळीनं बसून तांब्याची तार रिळांवर गुंडाळायच्या. हातानं दांडा फिरवायचा आणि फेरे मोजायचे. एक फेरा कमी-जास्त झाला तर कॉइल बाद. दिवसभर मोजून मोजून तिला मोजायची सवयच लागली होती. भाकरी थापताना, कपडे पिळताना, देवापुढे हात जोडून उभी असतानासुद्धा तिचे ओठ हलत असायचे. मला आधी वाटायचं स्तोत्र म्हणते. एकदा कान देऊन ऐकलं तर ‘सदुसष्ट, अडुसष्ट, एकुणसत्तर’ चाललं होतं.

ती खेळायला कशी लागली ते मला नीट आठवतं, कारण खेळात तिला ओढणारी मीच. संजू कंटाळून बाहेर क्रिकेट खेळायला जायला लागला तेव्हा मी रिमोट हातात घेतला. संध्याकाळी सहाच्या सुमारास आत्ती कामावरून यायची, पाय धुवून चहाचा कप घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि मी मरताना बघत राहायची. चार-पाच दिवस झाल्यावर एकदा म्हणाली, “मंगे, त्यो गोळा हाय न्हवं, त्यो तुला बघून येत न्हाई.”

“म्हणजे?”

“तू असलीस काय आन नसलीस काय, त्यो पाच मोजस्तवर तिकडं जातुय, पाच मोजस्तवर हिकडं येतुय. तू त्याला भिऊन उडी मारतीस. त्याला बघूच नको. नुसतं मोज.”

मी मोजलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिसऱ्या मजल्याच्या वर गेले. मग रिमोट तिच्या हातात दिला. तिची बोटं तारेनं कापून कापून राठ झालेली, अंगठा जरा वाकडा. पहिले कितीतरी दिवस ती पहिल्याच मजल्यावर मरत होती. उडीचं बटण दाबायचं तर ती आख्खा रिमोटच वर उचलायची आणि मी हसून लोळायची. तिला मात्र हसू यायचं नाही. मेली की ती मान तिरकी करून पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, “हां. आर्धी फळी आदी उडाले.” किंवा, “वाघूळ दोनदा खाली येतंय, तिसऱ्यांदा वर जातंय. मी दुसऱ्यालाच निघाले.” एकदाही मी तिच्या तोंडून ‘गेम खराब आहे’ हे ऐकलं नाही. पोरं मरत तेव्हा त्यांना राग यायचा. आत्ती मरायची तेव्हा तिला काहीतरी कळलेलं असायचं.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. या वयात मागं वळून बघताना वाटतं, त्या खेळाची गोडी काय होती हे मला त्या काळ्यापांढऱ्या टीव्हीसमोर आत्तीनंच सांगितलं होतं, फक्त तेव्हा ते मला समजलं नाही. मी एकदा वैतागून रिमोट फेकला होता. सहा वेळा एकाच फळीवरून पडले होते. तिनं रिमोट उचलला, वायर नीट केली आणि म्हणाली, “चिडतीस कशाला? ह्यात जेवढी चूक तेवढीच शिक्षा मिळती बग. आन चूक कंची त्ये दिसतं बी. असं कुटं असतंय का?” मी मान हलवली. चौदा वर्षांच्या मुलीला त्यातलं ‘असं कुठं असतं’ हे काय ऐकू येणार? पण पुढे शिक्षिका झाल्यावर मी कधी कुणाच्या वहीत नुसती फुली मारली नाही. कुठं चुकलं ते शेजारी लिहिलं. हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नव्हते.

आईला हे सगळं मुळीच आवडत नव्हतं. मोठ्यानं काही म्हणायची नाही, पण भांडी जरा जास्त वाजायची. “बाईमानसानं दिवसभर राबून आल्यावर अंग टाकावं, न्हाईतर पोथी ऐकावी. ही पोरांसंगं बटनं दाबतीया.” आत्ती खेळायच्या आधी कणीक मळून, डाळ शिजायला लावून येई, म्हणजे तक्रारीला जागा नको. स्टोव्हचा भुर्र आवाज, कुकरची शिट्टी, लांब पावण्याच्या कारखान्यांची घरघर आणि त्यात मनोऱ्याचं ते ‘टुण टुण टुणुक’ संगीत. आजही कुठं डाळीला लसणाची फोडणी बसली की माझ्या डोक्यात ते संगीत सुरू होतं. दादा बातम्यांच्या वेळी खोलीत आले की ती मुकाट्यानं टीव्हीची बटणं फिरवून द्यायची. मग ती पाचव्या मजल्यावर असो की सहाव्या. खेळ साठवून ठेवायची सोय त्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तिनं त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. पहिले तीन मजले तर ती पुढे पुढे माझ्याशी गप्पा मारत, पडद्याकडे अर्धवट बघत चढायची, जशा बायका बोलत बोलत वाती वळतात.

असं करत दीड वर्ष गेलं आणि ती सहाव्या मजल्यापर्यंत पोहोचायला लागली. सातवा कुणी पाहिलाच नव्हता.

मग तो रविवार आला. मार्केट बंद, तिचा कारखानाही बंद. सकाळी चहा पिता पिता दादा बशीकडे बघत म्हणाले, “शालन, आज तुझ्या घरची येनार हायेत. थोरलं भावजी आन गावचं नाना. न्यायला येत्यात.” हे त्यांना आठवड्यापूर्वीच कळलेलं होतं, आईलाही सांगितलेलं होतं. आत्तीला तेव्हा कळलं. तिनं कप विसळले, मटण धुतलं, वाटण वाटलं, तासाभरानं रस्सा शिजायला ठेवला आणि पदराला हात पुसत येऊन टीव्हीसमोर बसली. सकाळी ती कधी खेळायची नाही. आईनं स्वयंपाकघरातून बघितलं, पण त्या दिवशी भांडी वाजली नाहीत.

मी शेजारी बसले होते. आत्तीचे ओठ हलत होते आणि डोळ्याची पापणी लवत नव्हती. पहिला जीव तिसऱ्या मजल्यावर गेला, इतक्या सोप्या जागी ती महिनोन्महिने मेली नव्हती. दुसरा पाचव्यावर गेला. मग मात्र ती शांत झाली. सहावा मजला ती अशी चढली की मला श्वास घ्यायचं सुचेना. फळ्या तिच्या पायामागं कोसळत होत्या आणि ती प्रत्येक वेळी पुढच्या फळीवर पोहोचलेली असायची. पडदा सरकला आणि सातवा मजला आला. तिथं चारी बाजूंनी काटे असलेलं एक मोठं चाक फिरत होतं. आत्तीनं उडी मारली नाही. एका कोपऱ्यात उभी राहून ती चाकाचे फेरे मोजायला लागली.

तेवढ्यात दार वाजलं. पाहुणे तासभर आधीच आले होते. तिनं पॉझचं बटण दाबलं, चाक जागच्या जागी थांबलं. उठताना माझ्या कानात म्हणाली, “कुनाला हात लावू दिऊ नगंस.” आणि पदर डोक्यावर घेऊन आत गेली.

थोरले भावजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ. पांढरा लेंगा-शर्ट, शांत, थकलेला माणूस. नाना म्हणजे गावात सगळ्यांच्या भांडणांत मध्ये पडणारे म्हातारे, फेटा बांधलेले. नवरा स्वतः आला नव्हता. पाणी झालं, चहा झाला, पाऊसपाण्याच्या चौकशा झाल्या. नाना म्हणाले, “झालं गेलं गंगेला मिळालं. तिकडं म्हातारी आथरुनाला खिळलीया. आता घरच्या लक्षुमीनं घरात यावं, येवढंच आमचं म्हननं.” दादा मान हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक सुटकेची छटा होती, आणि मी त्यांना त्यासाठी दोष देत नाही. चार वर्षं गावी गेले की त्यांना पारावरून जाताना मान खाली घालावी लागत होती.

मग नानांची नजर टीव्हीकडे गेली. “ह्ये काय लावून ठिवलंय?”

संजूला वाटलं आपल्यालाच विचारलं. तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, “आत्तीचा गेम आहे. सातव्या मजल्यावर आहे ती! अख्ख्या कोपरखैरण्यात कोण पोचलं नाय तिथं.”

भावजींनी नानांकडे बघितलं. नाना हसले. “अस्सं! म्हंजी हितं खेळ खेळत बसतीया म्हना की.” त्या हसण्यात काही फार विषारी नव्हतं. पण दादांचा चेहरा काळवंडला. ते उठले, तरातरा टीव्हीपाशी गेले आणि बटण फिरवून तो बंद केला. मनोरा मधल्या एका पांढऱ्या ठिपक्यात गोळा झाला आणि विझला.

त्यांना वाटलं संपलं सगळं. पण त्यांनी बंद केला होता तो टीव्ही. गेमचा डबा खाली जमिनीवर होता आणि त्याचा बारीक लाल दिवा तसाच जळत होता. दादांना त्या दिव्याचा अर्थ माहीत नव्हता. मला होता. मी काय करतेय याचा फारसा विचार न करता माझी ओढणी काढली आणि सहज टाकल्यासारखी त्या डब्यावर टाकली. वडिलांपासून जाणूनबुजून काही लपवायची ती माझी पहिली वेळ.

आत्ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली होती. तिनं टीव्ही बंद झालेला बघितला. म्हणाली, “मला येक इचारायचंय.”

“तू आत जा,” दादा म्हणाले.

“न्हाई दादा. माझंच बोलनं चाललंय न्हवं?” तिचा आवाज चढलेला नव्हता. “भावजी, मला चार दिस म्हायेरी जा म्हनून धाडलं. त्ये कशापायी, तेवढं सांगा. काय चुकलं हुतं माझं?”

भावजी चुळबुळले. “आता त्ये कशाला उकरायचं?”

“उकरत न्हाई. कळलं तर परत चुकायची न्हाई, म्हनून इचारते.”

“बाईच्या जातीनं असं इचारू न्हाई, पोरी,” नाना म्हणाले.

“मंग कुनी इचारायचं?” ती म्हणाली. आत रश्श्याचं झाकण थडथडत होतं. “सैपाक चुकला का? सासूला उलट बोलले का? शेतात कमी पडले का? कायतरी येक सांगा. सांगितलं तर मी आत्ता ह्या पावली येते.”

भावजींनी वर बघितलंच नाही. मला आज वाटतं, ते वाईट नव्हते. उत्तर नव्हतं म्हणून ते गप्प होते, आणि उत्तर नाही हे त्यांना आधीपासून माहीत असावं. शेवटी नाना खाकरले. “आता मूल झालं न्हाई, ह्ये तर खरं हाय की न्हाई?”

त्याला उत्तर आत्तीनं दिलं नाही. ते आलं स्वयंपाकघराच्या आतून, आणि ते ऐकून मी दचकले, कारण तो आईचा आवाज होता. “आन ती दुसरी आनली हुती, तिला झालं व्हय? ती बी गेलीच की सोडून. म्हातारीचं हगनं-मुतनं काढाय मानूस पायजे, असं सरळ म्हना ना.”

जी आई चार वर्षं ‘तिचं बी कायतरी असंलच’ म्हणत आली होती, ती हे बोलली. तिलाही आपण काय बोललो ते बोलून झाल्यावरच कळलं असावं. हातात पळी तशीच धरून ती दारात आली आणि आत्तीच्या मागं उभी राहिली. दोघी काही एकमेकींकडे बघत नव्हत्या.

आत्ती म्हणाली, “मी येनार न्हाई. जेवून जावा. मटान तयार हाय.”

ते जेवले नाहीत. दादा त्यांना पोहोचवायला म्हणून गेले ते चार वाजेपर्यंत परत आले नाहीत. आम्ही कुणीच त्या मटणाला हात लावला नाही. आत्तीनं न जेवलेली ताटं उचलून ठेवली, जमीन पुसली, आणि मग येऊन बंद टीव्हीसमोर नुसती बसली. मी ओढणी उचलली. लाल दिवा बघितल्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं तसं माझ्याकडे नंतर कुणीच बघितलं नाही. मी टीव्ही लावला. काच गरम व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला आणि मग हळूहळू चाक, काटे आणि कोपऱ्यात उभा राहिलेला बुटका दिसायला लागला. डबा इतका तापला होता की हात लावता येत नव्हता.

तिनं रिमोट घेतला, पॉझ सोडला, दोन फेरे मोजले आणि उडी मारली. चाकाचा काटा लागला. टुईं. शेवटचा जीव होता.

संजू म्हणाला, “श्शी! एवढं करून!”

आत्ती पडद्याकडे मान तिरकी करून बघत राहिली. “ही मातर माझी चूक हाय,” ती म्हणाली. “चौथा दात बारका हाय, तिथनं जायला पायजे हुतं.” हे म्हणताना तिचे डोळे वाहायला लागले, आणि ती हसतही होती, आणि मी तिचा हात धरून बसले. चार वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

तिनं ती घंटा कधी वाजवली का, असं मला विचारतात. वाजवली. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी. घंटा वाजली, पडद्यावर न वाचता येणाऱ्या तीन ओळी आल्या, आणि बुटका परत पहिल्या मजल्यावर येऊन उभा राहिला. फक्त आता वटवाघळं दुप्पट वेगानं उडत होती. संजू केवढा भडकला, एवढ्यासाठी मरमर केली का म्हणून. आत्ती मात्र सरसावून बसली. “म्हंजी आजून हाय तर!” ती आता सत्तरीच्या पुढे आहे, कामोठ्याला माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये स्वतःच्या खोलीत राहते. माझ्या मुलानं तो खेळ कुठून तरी शोधून तिच्या मोबाइलवर घालून दिला. नव्या सोयीनुसार त्यात पाहिजे तिथं थांबून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं. तिनं ते एकदा करून बघितलं आणि त्याला म्हणाली, “मधनंच चढायचं? मंग खालचे मजले कुनी चढायचे, तुझ्या बापानं?” ती रोज पहिल्यापासून चढते. अंगठा संधिवातानं दुखतो, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच मरते बहुतेकदा. मीही खेळते कधी कधी, कुणी नसताना. इतकी वर्षं झाली, इतके खेळ आले, ज्यांत माणसं खऱ्यासारखी दिसतात आणि हरणाऱ्यालाही काही ना काही बक्षीस देतात. तरी मन परत जातं ते त्या बुटक्याकडे, जो आपल्याला काही देत नाही, फसवतही नाही.

पण मी सांगत होते ते त्या रविवारानंतरचं. दादा आठ दिवस आत्तीशी बोलले नाहीत. ताट तिनं वाढलं तर जेवायचे, पण मान वर करायचे नाहीत. आईनं गेमचा डबा फडक्यात बांधून माळ्यावर ठेवला होता. कुणी तसं सांगितलं नव्हतं आणि त्या दिवसांत तो कुणी काढला नाही. आत्ती वेळेवर कामाला जायची, वेळेवर यायची. एकदा मी तिला विचारलं, “दादा रागावलेत का गं?” ती म्हणाली, “रागावला न्हाई. मोजतुय.”

नवव्या दिवशी दादा मार्केटातून आले ते पिशवी भरायला लागले. “गावाला जाऊन येतो,” एवढंच म्हणाले. आईचा चेहरा उतरला. मला खात्री वाटली की ते माफी मागायला, सगळं पुन्हा जुळवायला निघालेत. आत्तीलाही तसंच वाटलं असणार. तिनं त्यांना रस्त्यासाठी भाकरी आणि झुणका बांधून दिला आणि दोन दिवस ती फारच हळू चालत होती, घरात कुणी झोपलं असल्यासारखी.

ते परत आले ते भर दुपारी. आम्ही सगळे घरात होतो, कारण त्या दिवशी आत्तीनंही रजा टाकली होती. दादांच्या खांद्यावर, त्या घट्ट्यावर, एक पत्र्याची पेटी होती. तिच्या लग्नातली. झाकणावर कुंकवाच्या रंगानं तिचं नाव घातलेलं होतं, माहेरचं. ती पेटी लग्नानंतर आम्ही कुणी पाहिलेली नव्हती. चार वर्षं ती सासरीच पडून होती. दादांनी ती खाली ठेवली, मोरीत जाऊन हातपाय धुतले, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले आणि भिंतीला टेकून बसले.

“मी बी इचारलं,” ते म्हणाले. “त्यांच्या गावात, पारावर. चार मानसांत. त्याला समोर बसवून इचारलं, माझ्या भनीचं काय चुकलं सांग. नानाला इचारलं. म्हातारीच्या आथरुनापाशी जाऊन तिला बी इचारलं.” त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं. “कुनाला सांगता आलं न्हाई, शालन.”

आत्ती पेटीकडे बघत होती. मग म्हणाली, “बरं.” आणि जरा वेळानं पुन्हा, “बरं झालं.”

आई डोळे पुसत भाकऱ्या थापायला बसली. आत्ती उठून नेहमीसारखी वाढायला लागली. आमच्याकडे आधी पुरुष आणि मुलं जेवायची, बायका मागून. तिनं दादांच्या ताटात भाकरी ठेवली आणि वळली, तेव्हा दादांनी तिच्या लुगड्याचं टोक धरलं, लहान मूल धरतं तसं.

“तू बी बस,” ते म्हणाले. मग आत हाक मारली, “अगं, तू बी ये. समदी संगटच जेवू.”

आईनं स्टोव्ह बंद केला आणि ती आली. त्या दिवशी आमच्या घरात आम्ही पाचही जण पहिल्यांदा एका पंगतीला जेवलो. भाकऱ्या कमी पडल्या, कारण स्टोव्हपाशी कुणी उरलंच नव्हतं.